तुम्ही विचारलंत म्हणून: जेलात पत्रं कशाला लिहितोस?

दुकानात झेरॉक्स काढायला येणारे, लग्नात पंगतीला बाजूला बसणारे, घरची मंडळीसुद्धा, सगळे फिरून फिरून तेच विचारतात की तू त्या जेलातल्या पोराला पत्रं का लिहितोस, तुझा कोण लागतो तो? तर कोणी नाही लागत. वाडीतला आहे, एवढंच. माडावर चढायचा, आंब्याच्या सीझनला पेट्या भरायला यायचा. काय केलं ते इथे लिहिणार नाही. कोर्टाने शिक्षा दिलीय आणि बरोबर दिलीय असं माझं मत आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पत्र लिहितो म्हणजे याला पुळका आलाय असं लोक धरूनच चालतात.

सुरुवात मी केलीच नव्हती. त्याच्या आईला लिहिता येत नाही. एक दिवस ती इनलँड, म्हणजे पोस्टाचं घडीचं पत्र, घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, चार ओळी लिही रे बाबा. कोकणात हे काय नवीन आहे? आमच्या आजोबांच्या वेळी मुंबईहून मनीऑर्डर आली की कुपनावरच्या दोन ओळी पोस्टमनच वाचून दाखवायचा आणि उलट पत्रही बऱ्याचदा तोच लिहायचा. इथे चाकरमानी जेलात होता, इतकाच फरक.

काकी, म्हणजे त्याची आई, सांगायची, मी लिहायचो. सांगायची काय, तर गाय व्याली, पाडी झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे, वाऱ्याने गोठ्याची कौलं गेली. मला ते फारच फालतू वाटायचं, पोरगा एवढं करून बसलाय आणि ही पाडीचं सांगतेय, म्हणून मी शहाणपणा करून खाली स्वतःच्या मनाने दहा ओळी ठोकल्या, झालं त्याचा विचार कर, मन खंबीर ठेव, वगैरे, शाळेतल्या निबंधासारख्या. महिन्याभराने उत्तर आलं. पाडीचं नाव काय ठेवलं, ठिपका गोल आहे की लांबट, दूध आता कोण काढतं, कौलं कोणी चढून घातली. माझ्या दहा ओळींबद्दल एक अक्षर नाही. तेव्हापासून उपदेश बंद.

आधी इथे जिल्ह्यातच होता तेव्हा काकी मुलाखतीला, म्हणजे जेलातल्या भेटीला, जाऊन यायची. शिक्षा लागल्यावर घाटावर हलवलं. मग पहाटेची एसटी, आंबा घाट, तिथे रांगेत नंबर, आणि मिळणार वीसेक मिनिटं, तीही बाजूला दहा जण ओरडून बोलतायत अशात. काकी म्हणते अर्धा वेळ रडण्यात जातो आणि जे सांगायचं असतं ते परतीच्या एसटीत आठवतं. पत्राचं तसं नाही, ते परत काढून वाचता येतं. त्याने सगळी पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीत म्हणे, आणि बरॅकमध्ये ज्यांना कुठूनच पत्र येत नाही अशा दोघातिघांना तो वाचून दाखवतो. आमच्या पाडीचं नाव त्यांनाही पाठ आहे.

२०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशभरातल्या जेलांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे केस अजून चालूच, चारातले तीन. हाही तीन वर्षं कच्चा होता. त्याने तेव्हा लिहिलं होतं की पक्का झालो की निदान किती दिवस राहिले ते मोजता तरी येतील, आत्ता नुसती पुढची तारीख.

पत्राने होतं काय, असंही विचारतात. सुनील बात्रा नावाचा तिहारमधला कैदी, फाशीची शिक्षा झालेला, त्याने सुप्रीम कोर्टाच्या एका जज्जांना पत्र लिहून कळवलं की इथला वॉर्डर पैशासाठी दुसऱ्या एका कैद्याचे हाल करतोय. कोर्टाने ते पत्रच अर्ज म्हणून धरलं आणि १९७९ साली निकाल दिला. घरच्यांच्या आणि मित्रांच्या भेटी हा कैद्याला दिलासा असतो, असंही त्यात म्हटलंय. आमच्या पत्रांनी असलं काही होणार नाही. त्याची शिक्षा एका दिवसानेही कमी होत नाही, आणि व्हावी म्हणून मी लिहीतही नाही.

एकीला मात्र मला उत्तर देता आलं नाही. ज्या घराचं त्याने नुकसान केलं ते घरही आमच्याच वाडीत आहे. तिथल्या वहिनीने एकदा विहिरीवर तोंडावर विचारलं, आमच्याकडे कधी आलास का रे दोन शब्द बोलायला? गेलो नव्हतो. त्यानंतर गेलो, चहा घेतला, पण उशिरा गेलो ते गेलोच, आणि ती अजून माझ्याशी मोजकंच बोलते.

कोणाला लिहायचंच असेल तर सांगतो. पूर्ण नाव आणि कैदी नंबर नीट घाला. आत जाताना आणि बाहेर येतानाही पत्र वाचलं जातं, तेव्हा केसबद्दल काही लिहू नका. पैशाचं, जामिनाचं वचन देऊ नका. मी एकदा बकुळीची फुलं घातली होती, ती आत गेली नाहीत, चूक माझीच. इनलँड २ रुपये ५० पैशांना मिळतं, पण चार महिने लिहून मग गप्प बसणार असाल तर लिहूच नका, तो रोज वाट बघतो आणि तुम्हाला वाटतं राहिलं आपलं कामाच्या गडबडीत.

परवा आलेल्या पत्रात त्याने शेवटी लिहिलंय, पाखाडीचा (आमच्याकडची दगडी पायऱ्यांची वाट) खालून तिसरा चिरा हलत होता, पावसाआधी बसवून घ्या, आई अंधारात उतरते. मी रोज त्याच पाखाडीने ये-जा करतो, माझ्या कधी लक्षात नाही आलं. काल पाय ठेवून बघितला, हलतोय. गवंड्याला सांगितलंय, तो उद्या-परवा करत चार दिवस घालवणार, तोवर इनलँडची एक घडी कोरी ठेवलीय.