पुस्तकांची यादी, भाग ४: शेवटचं पुस्तक गेलं कुठे?

माझ्या पुस्तकांची यादी ठेवणारा छोटा प्रोग्रॅम लिहितोय, आणि मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की आता फक्त यादी स्क्रीनवर दाखवायची राहिलीय, एका संध्याकाळचं काम. नऊ संध्याकाळी गेल्या. पण की (नोंदीची खूण) आणि व्हॅल्यू (त्या खुणेपाशी ठेवलेली गोष्ट) हे प्रकरण आता जरा डोक्यात बसलंय, म्हणून हा भाग.

सुरुवात साध्या फॉर लूपने केली होती, शून्यापासून काउंटपर्यंत, म्हणजे एकूण नोंदींच्या आकड्यापर्यंत फेऱ्या मारत. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतच करतोय अजून, हसू नका. तीन पुस्तकं वाटून टाकली म्हणून ॲरेतून (यादी ज्यात ठेवलीय त्या घरांच्या रांगेतून) अनसेट केली, म्हणजे काढली, आणि लगेच तीन ठिकाणी वॉर्निंग, वर यादीतली शेवटची तीन पुस्तकं दिसेचनात! कारण अनसेट केलं की पुढचे इंडेक्स (घरांचे नंबर) सरकत नाहीत, भोक तसंच राहतं, काउंट मात्र तीनने कमी होतो, म्हणजे लूप भोकांवर ठेचकाळतो आणि शेवटाच्या तीन घरं आधीच थांबतो. ॲरे व्हॅल्यूज हे फंक्शन मारून नवीन नंबर लावता येतात पण मग पुस्तकाच्या कण्यावर मी हाताने लिहिलेल्या क्रमांकाशी काही संबंधच उरत नाही, म्हणून शेवटी तो क्रमांकच की केला आणि फॉरईचवर आलो, तो प्रत्येक नोंदीची की आणि व्हॅल्यू हातात देतो: यादी ॲज $क्रमांक => $नाव. (व्हेरिएबलची नावं खरंच देवनागरीत ठेवलीयत, पीएचपीला चालतं. मजा येते, सारखा कीबोर्ड बदलायचा कंटाळाही येतो.)

आता खरा घोळ. नावांच्या मागेपुढे फालतू स्पेस होत्या, त्या ट्रिम करायच्या होत्या. फॉरईचमध्ये $नाव बदललं तर मूळ ॲरेत काही बदलत नाही, ते सुट्या कॉपीवर काम असतं. मग कुठेतरी वाचलेलं आठवलं आणि नावाच्या आधी & लावला (म्हणजे कॉपीऐवजी मूळ घरच हातात येतं), चाललं. खाली दुसरा लूप, यादी दाखवायला, यात & नाही, पण व्हेरिएबल तेच $नाव. आणि बघतो तर शेवटून दुसरं पुस्तक दोनदा, शेवटचं गायब. फाईलही तशीच सेव्ह झाली होती, जुनी कॉपी होती म्हणून वाचलो.

दोन दिवस मी फाईल वाचणाऱ्या कोडवर संशय घेत बसलो, त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. शेवटी तीनच पुस्तकं ठेवली, क, ख, ग, आणि दुसऱ्या लूपच्या प्रत्येक फेरीत अख्खा ॲरे छापला:

पहिली फेरी: क, ख, क
दुसरी फेरी: क, ख, ख
तिसरी फेरी: क, ख, ख

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. पहिला लूप संपला तरी $नाव शेवटच्या घराला चिकटूनच राहतं, सुटत नाही. दुसरा लूप प्रत्येक फेरीत $नावमध्ये काहीतरी टाकतो, म्हणजे खरं तर शेवटच्या घरातच टाकतो, आणि शेवटच्या फेरीला तिथे पोचेपर्यंत ग कधीच पुसला गेलेला असतो.

उपाय म्हणजे पहिल्या लूपनंतर लगेच $नाव अनसेट करायचं. पण मी & च काढून टाकला. की हातात आहेच ना, मग सरळ यादी[$क्रमांक] मध्ये ट्रिम केलेलं नाव परत ठेवायचं, कोण कुठे लिहितंय ते डोळ्यांना दिसतं. एका ओळीचं टायपिंग वाचवायला दोन दिवस घालवले मी.

की पण साधी नाही हं. कण्यावर काही ठिकाणी "7" लिहिलंय, काही ठिकाणी "07", आणि पीएचपी पहिल्याचा गुपचूप पूर्णांक करतं, दुसरं स्ट्रिंग, म्हणजे मजकूरच ठेवतं, म्हणजे एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी. आता आत घेतानाच इंटमध्ये (पूर्णांकात) बदलतो. आणि नावाप्रमाणे लावायला सॉर्ट वापरू नका, सगळ्या की फेकून शून्यापासून नवीन लावतो, एसॉर्ट वापरा, तो की टिकवतो.

हेच पायथॉनमध्येही करून पाहिलं, आयटम्सवर लूप, छान सुटसुटीत, ३.७ पासून घातलेल्या क्रमानेच मिळतं. फक्त लूप चालू असताना डिक्शनरीतून (पायथॉनची की-व्हॅल्यूची यादी) काही काढलं की तिथेच एरर देऊन थांबतं, आधी आयटम्सची लिस्ट करून त्यावर फिरावं लागतं. मला हा खडूसपणा आवडला, निदान गुपचूप डेटा तरी खात नाही. जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट एंट्रीज बरं आहे, पण आकड्यांसारख्या की तो आधी चढत्या क्रमाने देतो, तुम्ही कशाही घाला. मॅप वापरला तर घातलेला क्रम टिकतो.

सध्या लेखक => त्याची पुस्तकं असा ॲरेत ॲरे चाललाय. काल बाहेरच्या आणि आतल्या दोन्ही लूपला $की हेच नाव दिलं, आतला संपल्यावर लेखकाच्या जागी पुस्तकाचा क्रमांक यायला लागला. यावेळी दहा मिनिटांत सापडलं.