तुम्ही विचारलंत म्हणून: दर वेळी नवा मॉन्स्टर आणता कुठून?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण हा प्रश्न आता इतक्या जणांनी विचारलाय की दर वेळी चहा संपेपर्यंत तेच तेच सांगायचा कंटाळा आलाय. कोथरूडला आमचा डी अँड डीचा, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, गेम चालतो, त्यात समोर कायम काहीतरी वेगळंच येतं, तर एवढे मॉन्स्टर मी आणते कुठून, मॉन्स्टर मॅन्युअल, म्हणजे मॉन्स्टरांची माहिती असलेलं पुस्तक, अख्खं पाठ आहे का, असं लोकांना वाटतं. नाहीये पाठ. उलट मी वापरते ते मॉन्स्टर फार थोडे आहेत.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी: गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा खेळ काढला, एक जण डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा, बाकीचे एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत शिरतात, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. बास.

आता मुद्द्याचं. नवीन डीएम पुस्तक उघडतात आणि या आठवड्यात गॉब्लिन, पुढच्या आठवड्यात ऑर्क, मग नोल, मग हॉबगॉब्लिन असं करत सुटतात. चित्र बदलतं, एचपी (किती मार सोसणार तो आकडा) वाढतात, पण टेबलावर घडतं काय तर फायटर (लढवय्या) पुढे घुसतो, रोग (म्हणजे Rogue, चोर) मागून येतो, विझर्ड (जादूगार) लांबून आग टाकतो आणि क्लेरिक (पुजारी) पडलेल्यांना उठवतो. पुन्हा तेच, पुन्हा तेच. याला मी व्हरायटी म्हणत नाही. माझी कसोटी एवढीच की गेल्या वेळी जे करून जिंकलात तेच या वेळी करून चालेल का? चालणार असेल तर तो मॉन्स्टर मला नको, त्याचं चित्र कितीही भारी असू दे.

म्हणून माझा सगळ्यात लाडका म्हणजे रस्ट मॉन्स्टर. हा माणसाला खायला येतच नाही, याला लोखंड हवंय. साधी तलवार याच्या अंगावर मारली की तलवारच गंजते, आणि त्याची मिशी लागली की चिलखताची वाट लागते. म्हणजे एरवी छाती काढून पुढे जाणारा फायटर सगळ्यात आधी मागे पळतो आणि काठी घेतलेला विझर्ड हसत उभा राहतो. आमच्याकडे एकीने खिशातले खिळे काढून लांब फेकले, तो प्राणी खिळ्यांमागे गेला, लढाई संपली, कोणी मेलं नाही, आणि तरी तो प्रसंग लोक अजून सांगतात. या प्राण्याची जन्मकथाही मजेशीर आहे, हाँगकाँगमध्ये बनलेली स्वस्तातली प्लास्टिकची विचित्र जनावरं गायगॅक्सने लढाईच्या टेबलावर वापरायला आणली होती, आणि त्यातूनच रस्ट मॉन्स्टर, आऊलबेअर आणि बुलेट हे तिघं निघाले. आधी खेळणं हातात आलं, मग हे करत काय असेल असा विचार झाला. मीसुद्धा अधूनमधून तुळशीबागेत असलं काहीतरी उचलते आणि घरी येऊन त्याच्याकडे बघत बसते, आमच्या घरचे आता काही बोलत नाहीत.

दुसरा प्रश्न मी विचारते तो जागेचा. हा इथे राहतो तर इथेच का, खातो काय, आणि तो नसता तर काय झालं असतं? नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं, वाटेत हवेसाठी उच्छ्वास, पेठांमधून हौद, हे पुण्यात वाढलेल्यांना ऐकून तरी माहीत असतंच. माझ्या कॅम्पेनमधल्या, म्हणजे आमच्या चालू गोष्टीतल्या, शहराखाली तसलंच एक भुयार आहे, फक्त मी ते दहा फूट रुंद केलं, कारण मला त्यात जिलेटिनस क्यूब सोडायचा होता. हा म्हणजे दहा फूट लांबीरुंदीउंचीचा पारदर्शक चिकट ठोकळा, भुयारभर सरकत जातो आणि वाटेत येईल ते जिरवतो, हाडं आणि धातू तेवढे मागे राहतात. एसी, म्हणजे वार लागायला फाशावर गाठायचा आकडा, फक्त ६, म्हणजे फासा पडला की लागलंच समजा. मारायला सोपा. पार्टीने, म्हणजे खेळणाऱ्यांच्या पात्रांच्या टोळीने, मारला, बक्षीस मागायला नगराध्यक्षाकडे गेली, तर तो डोक्याला हात लावून बसला कारण क्यूब शहरानेच पाळला होता, भुयाराची साफसफाई तोच करायचा. पुढच्या कितीतरी सेशन हौदातून येणाऱ्या वासावर गेल्या, आणि नवा क्यूब शोधून जिवंत कसा आणायचा यावर जी चर्चा झाली ती मी कुठल्याही ड्रॅगनच्या लढाईपेक्षा वर ठेवेन.

बरं, व्हरायटी म्हणजे दर वेळी नवा प्राणीच असंही नाही. साधा गॉब्लिन घ्या, बुटकासा कपटी जीव. २०१४ च्या नियमांत त्याला ७ एचपी, म्हणजे एका फटक्यात आडवा. पण त्याच्याकडे एक गोष्ट आहे, प्रत्येक टर्नला वार करूनही तो सटकू शकतो किंवा लपू शकतो. बहुतेक डीएम हे विसरतात आणि गॉब्लिनांना रांगेत उभं करून मारून घेतात. त्यांना झाडीत ठेवा, बाण मारून लपू द्या, पाठलाग केला की खड्ड्याकडे पळू द्या, पार्टी रडकुंडीला येते. मग पुढे कधीतरी तेच गॉब्लिन पांढरं फडकं घेऊन येऊ देत, की आमच्या गुहेत दुसरंच काहीतरी शिरलंय, मदत करा. तिसऱ्यांदा ते आले की पार्टी तलवार काढायच्या आधी नाव विचारते. प्राणी तोच, गोष्टी तीन. आणि मरेपर्यंत लढू नका देऊ हो त्यांना! १९८१ च्या बेसिक सेटमध्ये, म्हणजे नवख्यांसाठीच्या जुन्या नियमसंचात, प्रत्येक मॉन्स्टरला मोराल नावाचा आकडा असायचा, सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, बेरीज त्या आकड्याच्या वर गेली की तो पळाला किंवा शरण आला. मी अजून हे वापरते. जीव प्यारा असणारा शत्रू लगेच वेगळा वाटतो, आणि शरण आलेल्याचं काय करायचं यावर पार्टीत जी भांडणं लागतात ती बोनस.

पण गावाकडे काहीतरी मागणारा मॉन्स्टर कसा करायचा हे मी पुस्तकातून नाही शिकले, ते बकासुराकडून शिकले. आठवा ना, एकचक्रा नगरी, गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, पाळीपाळीने एकेका घरातून. बकासुराकडे खास शक्ती काय आहे? काहीच नाही, नुसता दांडगा. खरी गोष्ट आहे ती पाळी कोणाची याची, आज ज्या घरावर पाळी आलीय तिथे बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, पोरगी म्हणते मी, आणि भिंतीपलीकडे पाहुणे म्हणून राहिलेली कुंती ऐकतेय. भीम जातो तोही आधी गाड्यावरचा भात खात बसतो. लढाई शेवटी थोडीशी. मी हा साचा ओगरला, म्हणजे एका धटिंगण नरभक्षकाला, लावला, ओगर २०१४ च्या पुस्तकात ५९ एचपीचा साधा गडी आहे, पण गाव त्याला दर अमावास्येला काय देतं आणि ते कोण ठरवतं हे कळल्यावर पार्टीचा राग ओगरवर कमी आणि पाटलावर जास्त निघाला.

आपल्याकडच्या भुतांच्या गोष्टींतही हेच असतं, प्रत्येकाची जागा ठरलेली, सवय ठरलेली, काय हवंय ते ठरलेलं आणि उतारा ठरलेला. मुंजा पिंपळावर, मुंज झालेला पण सोडमुंजीआधी गेलेला पोरगा. चकवा रात्री वाट चुकवतो आणि त्याच बांधावर फिरवत ठेवतो. यांना एचपी लागतच नाहीत. माझ्या गेममधल्या मुंज्यावर पहिल्यांदा फायरबॉल टाकला गेला, पिंपळ जळाला आणि मुंजा दुसऱ्या पिंपळावर जाऊन बसला. मग अख्खी सेशन त्याची सोडमुंज लावण्यात गेली, भटजी कोण, मामा कोण, काशीला निघालेल्याला अडवणार कोण, हसून पोट दुखलं. फक्त एक गोष्ट मी पाळते, जिथे लोक नारळ फोडतात त्याला मी स्टॅट ब्लॉक (लढाईचे आकडे) देत नाही. साती आसरांची ओटी आमच्याच टेबलावरच्या एकाच्या घरी भरतात, वेताळाच्या देवळात माणसं रोज टेकडी चढून जातात, तर ते राहू देत तिथेच. याला कोणी घाबरटपणा म्हणालं तरी चालेल.

आणि हो, राक्षसाबद्दल विचारणारेही बरेच असतात. पुस्तकातला राक्षस म्हणजे वाघाचं तोंड आणि हातांचे उलटे तळवे, १९७७ च्या मॅन्युअलमध्ये तर कोट घालून पाइप ओढत बसलाय. पुण्यातल्या टेबलावर तो दाखवला की लोक आधी हसतात. मी वाघ काढून टाकते, रूप बदलणं आणि उलटे तळवे ठेवते, म्हणजे गावात आलेल्या सावकाराशी हात मिळवताना खेळणारे आपोआप हाताकडे बघायला लागतात. २०१४ च्या पुस्तकात सहाव्या लेव्हलपर्यंतचे स्पेल, म्हणजे मंत्र, त्याची इच्छा नसेल तर त्याच्यावर चालतच नाहीत, तेवढ्याने विझर्डची पंचाईत होते ती वेगळी.

आकड्यांचं फार नका मनावर घेऊ. सीआर हा मॉन्स्टर किती अवघड ते सांगणारा आकडा, सीआर ५ म्हणजे पाचव्या लेव्हलच्या चौघांना बरी टक्कर, एवढा अंदाज पुरतो. फक्त एकटा मोठा मॉन्स्टर उभा करू नका, त्याच्या एका टर्नला समोरून चार टर्न येतात आणि तो बिचारा दोन राऊंडमध्ये संपतो. सोबत चारदोन बारके द्या, नाहीतर दोर कापायला लागणारा पूल द्या.

मिनिएचर, म्हणजे टेबलावर ठेवायच्या छोट्या मूर्ती, विकत घेऊ का, असंही विचारतात. नका घेऊ एवढ्यात, कॅरमच्या सोंगट्या काढा. काळ्या म्हणजे गॉब्लिन, पांढऱ्या म्हणजे पार्टी, स्ट्रायकर म्हणजे ओगर, आणि लाल राणी मी अशासाठी ठेवते ज्याला मारून चालणार नाहीये. ती कोण आहे हे सांगायचं नाही, नुसती बोर्डावर ठेवायची.