तुम्ही विचारलंत म्हणून: ते चित्र बैठकीत का?

घरी आलेला पाहुणा चहा घेता घेता हमखास विचारतो, "असलं चित्र बैठकीत कशाला?" गळ्यात मडकं अडकवलेला, झाडू बांधलेला माणूस. पेशवाईतल्या पुण्यातला अस्पृश्य. मडकं कशासाठी, झाडू कशासाठी, ते तुम्हाला ठाऊक आहे. चित्रकार नागपूरचे सवी सावरकर. (त्या सावरकरांशी नातं नाही, हेही दर वेळी सांगावं लागतं.) माझ्याकडची छापील प्रत आहे.

विशीत मी म्हणायचो, चित्रानं बघणाऱ्याची झोप उडवली पाहिजे. अजूनही म्हणतो. सावरकर बडोद्याला प्रिंटमेकिंग, म्हणजे ठशावरून चित्र छापणं, शिकले. त्यातल्या एचिंगमध्ये धातूच्या पत्र्यावर दिलेल्या मेणासारख्या थरात सुईनं ओरखडतात, मग उघड्या पडलेल्या धातूत ॲसिड ती रेघ खात जातं. त्यांच्या रेघेत ते खाल्लेपण दिसतं. जवळ जाऊन बघा. तिथं दया मागणारं कुणी नाही.

पण माझे वडील राहायला आले, तेव्हा त्यांनी पिशवीही खाली ठेवली नाही. दारातूनच म्हणाले, "हे कायले टांगलं रे इथं?"

मी सांगायला लागलो. इतिहास, कला, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माह्या बापानं मेलेली ढोरं ओढली. मी संगं जायचो. छप्पनले दीक्षा घेतली अन् ते सोडलं. आमी खांद्यावरून उतरवलं, तू भिंतीवर चढवतं?"

"लोकांनी बघावं म्हणून, बाबा."

"मंग लोकायच्या घरी लाव. माह्या नातीनं रोज जेवताना हे पाहावं काय?"

मला उत्तर सुचलं नाही. चित्र मी काढलं नाही. ते होते तोवर खुर्ची फिरवून, भिंतीकडे पाठ करून बसायचे. नातीला मांडीवर घेतलं तरी तिचं तोंड खिडकीकडे.

म्हणून तुमच्या प्रश्नानं मी चिडतो. तुम्हाला चित्र 'डिस्टर्बिंग' वाटतं, संध्याकाळ खराब होते. त्यांना त्यात स्वतःचा बाप दिसला. या दोन तक्रारी एक नाहीत, आणि तुमच्यासाठी मी ते चित्र हलवणार नाही.

त्यांच्यासाठी हलवावं का? बायको म्हणते, आतल्या खोलीत लाव. मी म्हणतो, आत नेलं की ते पुन्हा वेशीबाहेर गेलं. ती म्हणते, हे बाबांना सांगून बघ. दिवाळीच्या सुट्टीत ते परत येतायत.