पिरॅमिड आम्ही बांधले नाहीत

मी बेने इस्राएल, म्हणजे इथली मराठी बोलणारी ज्यू, आहे हे कळलं की दुसरं नाहीतर तिसरं वाक्य ठरलेलं: "म्हणजे पिरॅमिड तुमच्याच लोकांनी बांधले ना?" लोकलमध्ये, स्टाफरूममध्ये, एकदा तर दातांच्या डॉक्टरांकडे, तोंडात कापूस असताना. त्यात मी इतिहास शिकवते. तेव्हा एकदाच लिहून टाकते.

नाही. फारो (इजिप्तचा राजा) खुफूचा पिरॅमिड इ.स.पू. 2560च्या आसपासचा. इस्राएलचं नाव इजिप्तच्या दगडावर येतं ते फारो मेर्नेप्ताहच्या शिलालेखात, इ.स.पू. 1208च्या सुमारास. मधे साडेतेराशे वर्षं गेली. आणि तिथेही आमची ओळख काय, तर इस्राएल उजाड झाला, त्याचं बीज उरलं नाही. गिझाला 1990 साली कामगारांची थडगी सापडली, पिरॅमिडच्या अगदी शेजारी. गुलामांना तिथे कोण पुरतं? बायबलात तर पिरॅमिड हा शब्दही नाही. तिथे पेंढा कालवून मातीच्या विटा पाडायच्या आहेत.

इथपर्यंत माझा आवाज चढलेला असतो. मग पुढचा प्रश्न येतो, "मग वल्हांडण कशाला पाळता?" वल्हांडण म्हणजे मिसरच्या, इजिप्तच्या, गुलामीतून सुटल्याचा सण. आणि मी गप्प होते.

कारण हा प्रश्न आधी मीच विचारलाय. मी 24 वर्षांची होते, एम.ए.चा निकाल नुकताच लागला होता. ठाण्याच्या घरी सेदेरचं, वल्हांडणाच्या रात्रीच्या विधीचं, ताट मांडलेलं, काळ्या मनुकांचं सरबत पेल्यांत ओतलेलं. घरातलं सगळ्यात लहान मूल चार प्रश्न विचारतं, त्या वर्षी पहिल्यांदाच भाचीची पाळी होती. सहा वर्षांची. आठवडाभर पाठ करून तिनं अडखळत विचारलं, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? बाबांनी उत्तर वाचायला घेतलं, "आम्ही मिसर देशात फारोचे दास होतो." आणि मी म्हटलं, "नव्हतो."

पुरावा नाही म्हटलं. बायबल म्हणतं तशी लाखो माणसं मिसरातून सुटून वाळवंटातून 40 वर्षं फिरली असती तर एक खापर तरी सापडलं असतं, म्हटलं. त्यांना सोडवून नेणाऱ्या मोशेचं नावच इजिप्शियन, थुतमोस, रामसेस या फारोंच्या नावांतलं. सगळं बरोबरच होतं. वर अफिकोमान (सेदेरच्या शेवटी खायचा बिनखमिराच्या भाकरीचा तुकडा) हा शब्द ग्रीक आहे हेही ऐकवलं, कोणी विचारलं नसताना. बाबांनी हग्गादा, त्या रात्री वाचायची पोथी, मिटली नाही, बोट त्याच ओळीवर ठेवून बसले. आई उठून स्वयंपाकघरात गेली. भाचीनं मला हळूच विचारलं, "आत्या, मग मी चुकीचं विचारलं का?"

पुढच्या वर्षी तिनं प्रश्न विचारले नाहीत. पोटात दुखतंय म्हणाली.

मी चुकले का? माहितीत चुकले नाही. पण त्या चोविशीतल्या मला मी आजही सांगते, एलिफंटाइनचं बघ (आपली घारापुरी नव्हे, आस्वानजवळचं नाईलमधलं बेट). तिथल्या यहुदी शिपायांना इ.स.पू. 419 साली पत्र आलं होतं: 15 ते 21 निसान (वल्हांडणाचा ज्यू महिना), खमिराचं काही खाऊ नका. पपायरसचा उरलेला तुकडा वाचला तर त्यात मिसरातून सुटल्याचा शब्दही नाही. कसा असेल? ते मिसरातच राहत होते, पर्शियाच्या राजाचा पगार घेत! नऊच वर्षांत ख्नूम या इजिप्शियन देवाच्या पुजाऱ्यांच्या चिथावणीवरून त्यांचं देऊळ पाडलं गेलं. त्यांचं कुठे कोण गुलाम होतं? तरी सात दिवस पाळायचेच होते.

यातून काय सिद्ध होतं? काहीच नाही, असं चोविशीतली मी लगेच म्हणेल, आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही. पण नाईलच्या मुखाकडच्या तेल एल-दाबाला कनानकडून आलेले लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, हेही खणूनच कळलंय. त्यांच्यातले मूठभर कधी निसटले असतील तर त्यांनी खापरं कुठे ठेवायची होती?

गेल्या वर्षी त्याच ओळीशी बाबा थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी सरबत ओतत राहिले.