दहा म्हणजे वर की खाली?

नमुना पावणेपाचला आला. ट्यूबवर रक्त काढल्याची वेळ दोन वाजून दहा मिनिटांची. म्हणजे अडीच तास ती ट्यूब वॉर्डातल्या ट्रेमध्ये पडून होती. सीडी३४चा, म्हणजे मूलपेशी मोजायचा, नमुना थांबवू नका, हे त्या वॉर्डला किती वेळा सांगितलं असेल! आता सांगणंही सोडलंय.

रुग्ण मायलोमाचे, म्हणजे मज्जेतल्या पेशींच्या कर्करोगाचे. बार्शीकडचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, वजन बासष्ट किलो. मायलोमात रुग्णाच्या स्वतःच्याच मूलपेशी आधी काढून गोठवतात, मग मेल्फलान या केमोच्या औषधाचा जबर डोस देतात आणि त्यानंतर पेशी परत सोडतात. पण या पेशी राहतात हाडांच्या मज्जेत, रक्तात जवळजवळ सापडतच नाहीत. त्या रक्तात उतराव्यात म्हणून चार दिवस जी-सीएसएफची, पांढऱ्या पेशी वाढवणारी, इंजेक्शनं देतात. काकांची कंबर त्यानं रात्रंदिवस ठणकत होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी प्रश्न माझ्याकडे येतो: एका मायक्रोलिटर रक्तात सीडी३४ हे निशाण असलेल्या पेशी किती? आमच्या युनिटची रेघ १०ची. दहाच्या खाली आकडा असेल तर त्याच रात्री प्लेरिक्साफोर, हे पेशी उतरवणारं आणखी एक इंजेक्शन; नसेल तर सकाळी सरळ रक्तातून पेशी वेगळ्या काढणाऱ्या मशीनला जोडायचं.

प्लेरिक्साफोर महाग आहे. काकांचा मुलगा दुपारपासून लॅबच्या खिडकीशी येरझाऱ्या घालत होता. "मॅडम, आकडा आला का?" असं तीनदा विचारून झालं होतं. नमुनाच अजून आलेला नाही, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

आता मोजणीबद्दल. मशीनमध्ये ट्यूब ठेवली की आकडा पडतो, असं डॉक्टरांनाही वाटतं. ट्यूबच्या तळाशी जाळीखाली मोजून भरलेले सूक्ष्म मणी असतात, साधारण पन्नास हजार. त्यांच्या तुलनेत पेशी मोजायच्या, म्हणून रक्त अचूक १०० मायक्रोलिटर पडायलाच हवं. पिपेटचं बटण दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून रक्त घ्यायचं, पहिल्या टप्प्यापर्यंतच सोडायचं आणि टोकात उरलेलं फेकून द्यायचं. टोक बाहेरून पुसायचं, पण तोंडाला टिश्यू लागू द्यायचा नाही. ट्यूबच्या भिंतीला रक्ताचा ठिपका राहिला तर त्यातल्या पेशींना रंगच चढत नाही आणि तेवढी मोजणी बुडते. आमच्याकडची नवी पोरं पिपेट सरबत ढवळल्यासारखी धरतात. सीडी३४ला मी अजून कुणाला हात लावू देत नाही.

त्यात काकांच्या पांढऱ्या पेशी जी-सीएसएफमुळे ३८ हजारांवर गेलेल्या. एवढ्या गर्दीत रंग पुरत नाही, म्हणून रक्त निम्मं पातळ करावं लागलं. म्हणजे पिपेटचं आणखी एक काम, चुकायला आणखी एक जागा.

पडद्यावर आधी सीडी४५ (पांढऱ्या पेशींवरचं निशाण) मंद असलेल्या पेशी वेगळ्या काढायच्या, मग सीडी३४ उजळ असलेल्या, आणि मेलेल्या पेशी ७-एएडीच्या रंगावरून वगळायच्या. वीस हजार मणी होईपर्यंत ट्यूब चालवली. त्यात सीडी३४च्या पेशी आल्या १८८. हिशेब ९.४.

रेघेच्या इतक्या जवळचा आकडा मला सोडवेना. पातळ करताना हात हलला असेल का? नव्यानं पातळ करून दुसरी ट्यूब लावली. २१२. हिशेब १०.६.

यातली कुठलीच ट्यूब चूक नव्हती. १८८ मोजलं की त्यात तेरा-चौदाचा हेलकावा आपसूकच असतो, पिपेटचा वेगळा. म्हणजे दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगत होते. पण रेघेला ते कसं कळणार? आमच्या कार्यपद्धतीत दोन ट्यूब लावल्या तर सरासरी द्या असं लिहिलंय. सरासरी आली बरोब्बर १०.०.

रजिस्ट्रारचा फोन आला. मी म्हटलं, "सर, दोन ट्यूब लावल्यात, एकीत..." त्यांनी मध्येच तोडलं. त्यांना आणखी चार रुग्ण बघायचे होते. "मॅडम, दहा म्हणजे वर की खाली?"

"खाली नाही," मी म्हटलं.

इंजेक्शन टळलं. सातच्या सुमारास मुलगा खिडकीशी येऊन हात जोडून गेला. "लई उपकार झाले, मॅडम." मी काय उपकार केले होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा १२. काका पाच तास मशीनला. ओठांना मुंग्या येत होत्या, कॅल्शियम चालू होतं. पिशवीतून नमुना आला, मी मोजला: किलोमागे नऊ लाख साठ हजार. निदान वीस लाख लागतात. म्हणजे प्लेरिक्साफोर त्या रात्री द्यावं लागलंच, आणि तिसऱ्या दिवशी मशीनचा नवा संच.

या औषधाशी माझी जुनी ओळख आहे. मूलपेशीच्या पृष्ठभागावर सीएक्ससीआर४ नावाचा रिसेप्टर असतो आणि मज्जेतल्या आधारपेशी एसडीएफ-१ नावाचा रेणू सोडतात. त्या रेणूच्या ओढीनं मूलपेशी मज्जेला धरून राहते. जी-सीएसएफ हे आडवळणानं तोडतं: न्यूट्रोफिल खवळतात, त्यांची एन्झाइमं एसडीएफ-१ कुरतडतात. प्लेरिक्साफोर सरळ रिसेप्टरच्या खाचेत जाऊन बसतं. मुळात ते एचआयव्हीसाठी बनवलेलं, कारण विषाणूचे काही प्रकार याच रिसेप्टरमधून आत शिरतात. ते औषध म्हणून चाललं नाही, पण चाचणीतल्या लोकांच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या आणि त्यातून २००८मध्ये अमेरिकेत याला मूलपेशी उतरवण्यासाठी मान्यता मिळाली.

एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी हाच रिसेप्टर रंगवत होते. त्याला चिकटून रंग देणारी अँटिबॉडी होती १२जी५. एका ट्यूबमध्ये आधी औषध टाकलं, तर आलेखावरचा डोंगर सपाट. मी घाबरून गाईडांकडे पळाले: रिसेप्टर गेला! ते हसले. "गेला कुठं? जागेवरच आहे. खुर्चीवर दुसरं कुणी बसलंय, तुझ्या अँटिबॉडीला बसायला जागा नाही." तेव्हापासून पडद्यावर दिसत नाही म्हणजे नाहीच, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दहा वर्षं पडद्यावरच्या ठिपक्यांवर पोट भरूनसुद्धा.

आणि सीडी३४? १९८४मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये सापडलेल्या अँटिबॉडीमुळे आपण या पेशी ओळखायला लागलो. सीडी३४ नसलेले उंदीर जगतात, वाढतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही तो असतो. म्हणजे आम्ही मोजतो ते मूलपेशीच्या अंगावरचं एक निशाण, आणि ते मिरवणाऱ्या बहुतेक पेशी खऱ्या मूलपेशी नसतातच. तरी सगळं जग याच आकड्यावर चालतं, कारण संध्याकाळी दोन तासांत मिळणारं दुसरं काही नाही.

रात्री दहाला इंजेक्शन दिलं. सकाळी आकडा ४१. त्या दिवशीच्या पिशवीत किलोमागे चौतीस लाख. काम फत्ते.

पण इंजेक्शनच्या आधी, त्या संध्याकाळी, मुलगा पुन्हा खिडकीशी आला होता. हातात औषधाच्या दुकानाची पावती, घडी घालून चौकोनी केलेली. आवाज चढलेला नव्हता.

"मॅडम, काल दहाच होतं ना?"

"हो, दहाच होतं."

तो मान हलवून गेला. ९.४ आणि १०.६ बद्दल मी त्याला काही बोलले नाही. रजिस्ट्रारलाही नंतर नाही. पहिल्या ट्यूबवर थांबले असते, तर मशीनचा एक संच आणि काकांचे पाच तास वाचले असते. दुसरी लावली ती काळजीपोटी, आणि तीच महागात पडली.

परत सोडल्यावर काकांच्या पेशी बाराव्या दिवशी रुजल्या. जाताना शेंगाचटणीचा डबा ठेवून गेले, तो पोरांनी दोन दिवसांत संपवला. मी विभागप्रमुखांना सुचवलं की आकड्याशेजारी त्याचा हेलकावाही छापू या, ८ ते १२ असा. ते म्हणाले, "क्लिनिशियनला आकडा हवा असतो, गणित नको." दहा ते वीसमधल्या रुग्णांसाठी वेगळा नियम करा म्हणून युनिटलाही लिहिलंय. उत्तर नाही.

दोन्ही फायली अजून कॉम्प्युटरवर आहेत. काम कमी असलं की उघडते आणि गेट, म्हणजे पडद्यावर पेशी वेगळ्या काढायची चौकट, हलवून बघते. पहिलीत कितीही सैल केला तरी १९१च्या वर जात नाही. दुसरीत कितीही आवळला तरी २०३च्या खाली येत नाही.