वीज आली, पण सर्व्हर उठला नाही

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते आणि वळवाच्या दिवसांत कधीही जाते. ती परत आली की राउटर, फ्रीज सगळं सुरू होतं, पण कोपऱ्यातला लिनक्स सर्व्हर पिंगला (नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला) उत्तर देत नाही. अशा वेळी 'डिस्क उडाली' असं धरून नवं इन्स्टॉलेशन सुरू करू नका. आधी मॉनिटर आणि कीबोर्ड जोडा.

स्क्रीनवर दीड मिनिटाची मोजणी होऊन 'इमर्जन्सी मोड' आला, तर बूट डिस्क बहुतेक ठणठणीत आहे. घोडं अडलंय ते डेटाच्या डिस्कपाशी. एफएसटॅबमध्ये, म्हणजे कोणती डिस्क कुठे माउंट करायची (जोडायची) याच्या यादीत, तिची ओळ आहे, डिस्क सापडत नाही, म्हणून सिस्टमडी (बूटच्या वेळी सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) ९० सेकंद वाट पाहून बूट थांबवतं. डेबियनवर रूटचा (मुख्य अ‍ॅडमिनचा) पासवर्ड ठेवलेला नसेल तर इमर्जन्सी मोडमध्येही आत जाता येत नाही. मग ग्रबच्या (बूट लोडरच्या) मेनूत 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' (init=/bin/bash) लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. इथे रूट फाइलसिस्टम बहुधा रीड-ओन्ली असते. आरडब्ल्यू (लिहिता येईल असं) रीमाउंट केल्याशिवाय बदल सेव्ह होणार नाहीत.

डिस्कची एसडीए, एसडीबी ही नावं बूटगणिक बदलू शकतात, म्हणून एफएसटॅबमध्ये यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टमचा न बदलणारा ओळख-क्रमांकच लिहा. ऑप्शनमध्ये 'नोफेल' (nofail) आणि 'एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस' (x-systemd.device-timeout=10s) घाला. मग 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' (findmnt --verify) चालवा, टायपिंगची चूक तिथेच कळते.

पण नुसतं 'नोफेल' घालून थांबणं धोक्याचं आहे. डिस्क माउंट झाली नाही तरी सर्व्हर उठतो, आणि बॅकअप किंवा फोटोंची सर्व्हिस त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे रूट डिस्कवरच लिहीत सुटते. ३२ जीबीची एसएसडी एका रात्रीत भरते. नंतर डिस्क माउंट झाली की तो डेटा तिच्याखाली झाकला जातो: डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) म्हणतं डिस्क भरली, डीयूला (फोल्डर मोजणाऱ्या कमांडला) काही सापडत नाही. रूटचा दुसरीकडे बाइंड माउंट केला, म्हणजे तीच फाइलसिस्टम दुसऱ्या फोल्डरवरही जोडली की तो दिसतो. हे टाळायचं तर डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरवर 'सीएचएटीटीआर +आय' (chattr +i) लावा, म्हणजे त्यात कुणालाच लिहिता येणार नाही, आणि सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' (RequiresMountsFor) लिहा, म्हणजे डिस्क माउंट झाल्याशिवाय ती सुरू होणार नाही. दोन ओळींचं काम आहे, आजच करून टाका.

आता डिस्क का सापडली नाही ते बघू. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर दीड-दोन अँपिअर ओढते. थकलेल्या अडॅप्टरवर ती टकटक करते आणि थांबते. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवा अडॅप्टर आणताना व्होल्ट-अँपिअरबरोबर पिनची पोलॅरिटीही जुळवून घ्या. उलटी असेल तर डिस्कच्या एन्क्लोजरचा (बाहेरच्या डबीचा) बोर्ड जळू शकतो.

डिस्क दिसली की आधी 'स्मार्टसीटीएल -ए' (smartctl -a) ही डिस्कची तब्येत सांगणारी कमांड चालवून बघा. १९९ नंबरचा (डेटा पोचवतानाच्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर संशय साटा केबलवर. केबल बदलली तरी जुना आकडा खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. १९७ (वाचता न आलेले सेक्टर) शून्याहून जास्त असेल तर मात्र मूळ डिस्कवर एफएससीके (फाइलसिस्टम दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका. ते डिस्कवर लिहितं, आणि मरणाऱ्या डिस्कवर लिहिणं म्हणजे उरलेला डेटाही पणाला लावणं. आधी डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर मॅपफाइलसह (काय वाचलं, काय राहिलं याच्या नोंदीसह) प्रत काढा. एफएससीके चालवायचं ते त्या प्रतीवर.