रूळ गेले, वाट राहिली
ओलोतहून निघून सुमारे 55 किलोमीटर सायकल चालवत आज संध्याकाळी स्पेनच्या कॅतालोनिया प्रांतातील जिरोना शहरी पोहोचलो. 1969 साली बंद पडलेल्या अरुंद रुळांच्या रेल्वेचा हा मार्ग आता खडी-मातीची वाट झाला आहे. आगगाडीला झेपेल एवढाच चढ असल्याने माझ्यासारख्या बेताच्या दमाच्या माणसालाही (अर्थात, हलक्या गिअरवर) सुरुवातीची खिंड सायकलवरून न उतरता पार करता आली. पुढे ब्रुजेंत आणि मग तेर नदीच्या खोऱ्यातून उतरताना, मधूनमधून रस्ता ओलांडावा लागतो तेवढे सोडले तर, मोटारींची धास्ती नव्हती; टायरखाली करकरणारी बारीक खडी आणि झाडीआडून येणारा पाण्याचा आवाज ऐकत आमेर गाव केव्हा आले, ते कळलेच नाही. तेथील कमानींच्या चौकात मी नको तितका वेळ बसून राहिलो.